बुधवारचा खण

आत्या : पाच मिनिटं झाली येऊन, अजून बॅग खांद्यालाच. मुलाखत झाली ना? मग मेडिकल कॉलेजवाल्यांनी खाल्लं थोडंच तुला. बस.

ठमी : बाबा कुठे आहे?

आत्या : केस कापायला गेलाय. शेजारणीला माझ्या सोबतीला बसवून गेला होता. तू जिन्यात दिसलीस तशी ती सुटली बिचारी.

ठमी : बरं झालं. म्हणजे, तू एकटी भेटलीस ते बरं झालं.

आत्या : मी एकटी सापडायची म्हणजे योगच लागतो हल्ली. सांग, किती जण होते?

ठमी : तिघं. एक म्हातारे डॉक्टर, एक जण नुसतेच कागद चाळत होते, आणि एक बाई. लांबट खोली. माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला होता, पण कागदांवर सांडेल म्हणून मी त्याला शिवलेच नाही.

आत्या : शहाणी. पुढे?

ठमी : सुरुवातीला बरं चाललं होतं. डॉक्टर का व्हायचंय, रक्त बघवतं का, जागरण झेपेल का. सगळं पाठच होतं. मग बाईंनी विचारलं, तुमच्या हातून झालेली अशी एक चूक सांगा, जिची झळ दुसऱ्या कुणाला लागली.

आत्या : ते तर आपण महिनाभर घोटलंय. विज्ञान प्रदर्शन, मैत्रिणीचा तक्ता, त्यावर तू पाणी सांडलंस.

ठमी : तेच. मी तोंड उघडलं आणि ते आलंच नाही. दुसरंच आलं.

आत्या : विसरलीस होय? असू दे. आत्यावर गेलीस म्हणायचं.

ठमी : असं म्हणू नको गं. निदान आज तरी नको.

आत्या : थट्टा केली मी. डोळ्यांत पाणी कशाला आणतेस?

ठमी : तू तुझ्या बाइंडिंगच्या कारखान्यात पडलीस ना, तीन वर्षांपूर्वी. साखर एकदम उतरून.

आत्या : पडले. गोळी दोनदा घेतली होती मी. त्याचं आज काय?

ठमी : नव्हती घेतलीस दोनदा.

आत्या : काय म्हणालीस?

ठमी : मला मधे थांबवू नको, नाहीतर परत बोलता यायचं नाही. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, बारीक दिसत नव्हतं, म्हणून आठवड्याच्या गोळ्या डबीत मी भरायचे. सात वार, सात खण, दर खणात एक साखरेची, एक रक्तदाबाची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एवढ्याशा. त्या रविवारी मी फोनवर गप्पा मारत भरत होते. मंगळवारच्या खणापर्यंत रक्तदाबाची पट्टी संपली, मी दुसरी उचलली, तीही साखरेचीच होती. बुधवारपासून पुढच्या प्रत्येक खणात दोन-दोन साखरेच्या गेल्या. तू खणात होतं तेवढंच घेतलंस, आत्या.

आत्या : तुझ्या बाबाने डबी उघडून बघितली होती. दवाखान्यातून आल्या आल्या. बरोबर होती, म्हणून तर सगळे म्हणाले, पट्टीतली आणखी एक मीच घेतली.

ठमी : त्याच्या आधी मी बघितली. तुम्ही सगळे दवाखान्यात होता, मी घरी एकटी. बाबाने फोनवर सांगितलं, डॉक्टर म्हणतात साखरेची गोळी जास्त गेली. मी डबी उघडली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सगळीकडे तेच. मी त्या काढून नीट लावल्या. मग बाबा आला.

आत्या : पंधरा वर्षांची होतीस तू.

ठमी : तेव्हा पंधरा. नंतर सोळा झाले, सतरा झाले, तेव्हा कुठे तोंड उघडलं? आधी ठरवलं, तू घरी आलीस की सांगायचं. तू आलीस तर सगळे म्हणायला लागले, हिला विसरायला होतंय, हिला एकटं सोडायचं नाही, मशीनजवळ जाऊ द्यायचं नाही. बाबाने कारखान्याची किल्ली मागितली तेव्हा मी दारात उभी होते. तू म्हणालीस, घेऊन टाक, माझ्यापायी एखाद्याचं बोट जायचं.

आत्या : हो. असंच म्हणाले होते.

(आत्या उशीखालून एक जाड, हाताने शिवलेली वही काढते आणि ठमीपुढे ठेवते.)

आत्या : वाच. कुठलंही पान काढ.

ठमी : 'आज गुरुवार. गॅस बंद केला, परत जाऊन पाहिला. दाराची कडी लावली. ठमीचा आज शेवटचा पेपर.' हे रोजचं आहे?

आत्या : रोजचं. सकाळी जाग आली की डोळे न उघडता आधी वार आठवायचा. मग तारीख. मग कारखान्यातल्या सातही जणांची नावं, कामाला लागले त्या क्रमाने. एखादं नाव यायला उशीर झाला की दिवसभर जेवण गोड लागायचं नाही. वाटायचं, आज नाव गेलं, उद्या तुमचे चेहरे जातील.

ठमी : ही वही कधी दिसलीच नाही मला.

आत्या : दिसू दिली तर ना. तिथे दवाखान्यात मी परोपरीने सांगत होते, एकदाच घेतली रे मी गोळी. तुझ्या बाबाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, हो ताई, एकदाच. त्या हातावरूनच कळलं, याचा विश्वास नाही. मग हळूहळू माझाही उडाला.

ठमी : आत्या, बोल ना मला काहीतरी. वाट्टेल ते बोल.

आत्या : बोलणार आहे. घाई करू नको. हे सगळं त्या तिघांना सांगितलंस?

ठमी : सगळं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, आत्या आता कशा आहेत? मी म्हटलं, तब्येत बरी आहे, पण ती स्वतःला विसरभोळी समजते. मग बाईंनी विचारलं, त्यांना ठाऊक आहे हे? मी म्हटलं, नाही.

आत्या : मग?

ठमी : त्या म्हणाल्या, "मग आम्हाला का सांगताय?" आवाज चढवला नाही, अगदी हळू विचारलं. मग म्हणाल्या, झालं आमचं, या तुम्ही. बाहेर आले तर बाकावरच्या पोरीने विचारलं, काय काय विचारतात गं? मी तिला काय सांगणार?

आत्या : म्हणजे जागा गेली म्हणायची.

ठमी : गेलीच असेल. महिन्याभरात कळवणार आहेत. खरं सांगू, बसमध्ये मला त्याचं काही वाटतच नव्हतं. एवढंच वाटत होतं, की आपल्या जिन्यात येऊन पाय मागे फिरू नयेत.

आत्या : मला सांगायच्या आधी तीन परक्यांना सांगितलंस. ते लागलं मला.

ठमी : हो.

आत्या : आणि ती डबी गुपचूप नीट लावलीस, ते त्याहून लागलं. गोळ्यांचं काय, दोन पांढऱ्या गोळ्या, चूक माझ्याही हातून झाली असती. एका वकिलाचं पुस्तक मी एकदा उलटं शिवून दिलं होतं. पण कळल्याबरोबर त्याच्या घरी गेले, त्याच्यासमोर उसवलं, परत शिवलं. लाज वाटली, पण रात्री झोप लागली. तुला लागायची?

ठमी : नाही.

आत्या : तेच. तीन वर्षं दोघी एकाच खोलीत झोपतोय, आणि दोघी जाग्या.

ठमी : मला वाटायचं तू गाढ झोपलीयस.

आत्या : मलाही तुझ्याबद्दल तेच. आता ऐक. त्या दिवशी बुधवार होता. ग्रंथालयाचे बेचाळीस जुने अंक शिवायला आले होते. निळं कापड पुरत नव्हतं, म्हणून हिरवं काढलं आणि पुठ्ठा कापायला उठले. कडेला कागदाच्या कात्रणांचा ढीग होता. त्यावर डोकं टेकलं तेव्हा वाटलं, किती मऊ आहे. बरोबर का?

ठमी : बाबाही तसंच म्हणाला होता. कात्रणांवर पडलीस म्हणून वाचलीस.

आत्या : म्हणजे माझं डोकं जागेवर होतं.

ठमी : होतं, आत्या. आहे.

आत्या : परत म्हण.

ठमी : तुझं डोकं जागेवर आहे. तू काहीही विसरली नव्हतीस.

आत्या : हं. मी रागावलेय तुझ्यावर, ठमे. चांगलीच रागावलेय. उद्या कदाचित बोलणार नाही तुझ्याशी, परवाही नाही. पण राग काही कुठे पळून जात नाही. आत्ता आधी मला जरा बरं वाटून घेऊ दे. ये, अशी जवळ ये. किती गार पडलेत हात तुझे. सकाळपासून काही खाल्लंस?

ठमी : नाही. बाबाला कोण सांगणार?

आत्या : तूच सांगायचंस, आज, जेवायला बसायच्या आधी. मी शेजारी बसेन. तो आधी चिडेल, मग रडेल, मग माझी किल्ली शोधत घरभर फिरेल. कुठे ठेवलीय ते त्याला आठवायचं नाही.

ठमी : तुला माहितीय कुठे आहे ती?

आत्या : त्याच्या हिवाळी कोटाच्या आतल्या खिशात. तीन वर्षं झाली.

ठमी : आणि कॉलेज नाही मिळालं तर?

आत्या : तर पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. तेव्हाही मीच तयारी करून घेईन, तोपर्यंत बोलायला लागले असेन. ऊठ, तोंड धू, डब्यात काय आहे ते बघून खाऊन घे.

ठमी : तू कुठे निघालीस? थांब, मी येते बरोबर.

आत्या : नको.

ठमी : बरं, कुठे जातेस तेवढं तरी सांग.

आत्या : ठरवलं नाही अजून. कोपऱ्यापर्यंत तर जाते, मग बघू.