कलमाच्या खालची फूट

लीलाबाई : ती कात्री आदी खाली ठेव. सांगलीतनं आलीस ती हिरव्या झाडाला लोखंड लावायलाच का?

संयोगिता : आई, झाड नाही कापत. फक्त ही खालून आलेली फूट काढते.

लीलाबाई : मग ऱ्हायलं काय? तीच तर हिरवी हाय. वरची काडी बग, वाळून कोळ झालीया.

संयोगिता : ती काडीच अण्णांचं बोटांचं लिंबू आहे. बुंध्यावर ही गाठ दिसते? इथे त्यांनी कलम बांधलं होतं. गाठीच्या वर त्यांचं झाड, खाली नुसता खुंट. खुंटाला फूट आली की सगळं पाणी तीच पिते, वर काही पोचत नाही. म्हणून तर ते येता-जाता अंगठ्यानं खुडून टाकायचे.

लीलाबाई : मला वाटायचं, किडं काढत्यात.

संयोगिता : तू कधी विचारलं नाहीस?

लीलाबाई : काय इचारायचं? मिल्ट्रीतनं सुटून आल्यावर माणूस ह्या झाडांतच. आसामातनं येताना ट्रंकेत काय तरी वल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं. मी म्हणलं, साडी आसंल. उघडलं तर काडी.

संयोगिता : साडीबद्दल तू अजून बोलतेस.

लीलाबाई : बोलणार की. आन् त्या काडीला येऊन येऊन फळ आलं एकच. पिवळंधमक, हाताला बोटं असत्यात तसं. शेजारची रंगुबाई म्हणली, आवं, ही करणी हाय, तीन वाटांच्या तिकटीवर टाकून या. तवा ह्यांनी ते टॉवेलात बांधलं आन् यष्टीनं तुज्याकडं घेऊन गेले.

संयोगिता : कराडपासून मांडीवर धरून. बोट मोडू नये म्हणून. चहा घ्यायच्या आधी टेबलावर ठेवून म्हणाले, बघ, नमस्कार करतंय. ते सुकेपर्यंत घरभर वास होता.

लीलाबाई : मग कशाला कापतीस? ही फूट हे गेल्यावर आलीया. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी मी पाणी घातलं, आन् मग कवातरी कोंब दिसला. त्या दिवशी दोन घास जेवले मी.

संयोगिता : म्हणजे तेरावं होईपर्यंत पाणी नव्हतं?

लीलाबाई : सुतकात कसं घालायचं? तुळशीला रंगुबाई घालायची. पर ही झाडं ह्यांनी वाढवलेली, घरचीच. त्यास्नी बी सुतक असणारच की. मी म्हणलं, आपल्यासंगं त्यांनी बी पाळावं.

संयोगिता : ऐन एप्रिलात.

लीलाबाई : पपनस तगलं. महाळुंग तगलं.

संयोगिता : ती जमिनीत आहेत. हे अर्ध्या पिंपात.

लीलाबाई : तसं बोल की मग. मी मारलं म्हण.

संयोगिता : नाही म्हणणार. मीही इथेच होते. रोज ह्या पिंपाशेजारी हात धुवायचे. एक तांब्या मलाही सुचला नाही.

लीलाबाई : अजून जीव आसंल त्यात. बग तरी.

(संयोगिता नखानं काडीची साल खरवडते.)

लीलाबाई : काय दिसतंय?

संयोगिता : तपकिरी.

लीलाबाई : अजून खाली खरवड.

संयोगिता : गाठीपर्यंत तेच आहे. फूट काढली तर वरचं वाचेल, एवढ्यासाठी आले होते मी. आता फूट काढूनही उपयोग नाही.

लीलाबाई : मग मी रोज सांजचं हितं बसून बोलायची, ते कुणासंगं?

संयोगिता : आई.

लीलाबाई : न्हाई, सांग की. घरपट्टी भरली, दाढ दुखतीया, तुजा फोन आला न्हाई, समदं सांगायची. ह्यांचं झाड म्हणून.

संयोगिता : फुटीचं हे पान चुरगाळ. वास घे.

लीलाबाई : लिंबाचा हाय.

संयोगिता : नीट घे.

लीलाबाई : ...हा माज्या म्हायेरच्या हिरीवरच्या ईडलिंबाचा वास.

संयोगिता : त्याचाच. आटपाडीहून मामा लोणच्याला ईडलिंबं पाठवायचा, तू चिरायचीस. बिया अण्णा वेचून न्यायचे. हा खुंट त्या बीचा. मला म्हणाले होते, वरचं आसामचं फार नाजूक आहे, खाली आटपाडीचं असलं तरच निभावेल.

लीलाबाई : आसं म्हणले?

संयोगिता : फळ घेऊन आले त्या दिवशी.

लीलाबाई : मला कवा म्हणले न्हाईत.

संयोगिता : तू साडीचं काढशील म्हणून असेल.

लीलाबाई : व्हय. काढलं असतं.

संयोगिता : वरची काडी मात्र काढायला हवी. नाहीतर कुजणं खाली उतरतं.

लीलाबाई : आण हिकडं कात्री. कुठपातूर, तेवढं दाव.

संयोगिता : गाठीच्या इथे. मी धरते. जपून, फुटीला काटे आहेत.

लीलाबाई : आटपाडीच्याला असत्यातच.