जिवंत बहिणीचं सुतक

उलथन्याची कड कधी नीट बघितली आहे का, मंडळी? ती सरळ नसते. एका बाजूनं झिजलेली असते. ज्या बाजूला हात जोर देतो, त्याच बाजूनं! आणि झिजलेलं लोखंड गेलं कुठं? हसताय काय, तुमच्याच पोटात!

आता सांगा, कामावर दांडी मारणं हे पाप का? थांबा. आधी ऐका.

कऱ्हाडच्या एका खानावळीत शेवंताबाई भाकऱ्या थापायची. सकाळी चूल, संध्याकाळी चूल. मनगट सुजलेलं. थोरली बहीण तुळसा मिरजेला अंथरुणाला खिळलेली. फोनवर तिचं एकच — "शेवंते, एकदा तोंड दाखव गं!" ही म्हणायची, "येते आक्का, पुढच्या आठवड्यात." तो आठवडा काही उजाडेना! कारण मालक अण्णा म्हणायचे, "तू गेलीस तर भाकऱ्या काय मी थापू?"

जेवायला येणारी पोरं मोठी हुशार. एक म्हणाला, "मावशी, आम्ही लेक्चर बंक करतो!" दुसरा म्हणाला, "आम्ही कंपनीत सिक लीव्ह टाकतो." तिसऱ्याचा भाऊ ऑस्ट्रेलियात — "तिकडं आजाराचं निमित्त करून सिकी टाकतात, मावशी!"

"एवढे शब्द रे बाबांनो, आणि माझ्या वाट्याला एकही नाही?"

"तुम्ही सुतक सांगा! सुतकातल्या बाईला अण्णा चुलीला हात लावू देणार नाहीत. माहेरचं सुतक, तीन दिवस मोकळ्या!"

युक्ती बिनतोड! दुसऱ्या दिवशी ती दारातच थांबली.

"आत ये की! गिऱ्हाईक खोळंबलंय!"

"अण्णा, सुतक..."

"अरेरे! कोण गेलं?"

कोण गेलं? पांडुरंगा! माहेरचं उरलंय कोण? एकटी तुळसा! जिला भेटायचं, तिलाच मारायचं! नाव जिभेवर आलं, आणि तिथंच थांबलं.

तुम्ही काय केलं असतं? रजेसाठी आजवर कुणाकुणाला मारलंत? हात वर करू नका, साहेब पुढंच बसलेत! पण एवढं सांगा — मेलेल्यासाठी रजा मागताना आपली जीभ अडत नाही. मग जित्या माणसासाठीच का अडते?

अण्णांनी पुन्हा विचारलं, "अगं, गेलं कोण?"

शेवंताबाईनं दुखरं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"कुणी नाही गेलं. आक्का अजून आहे, म्हणून मी चाललेय. आज भाकऱ्या तुम्ही थापा, अण्णा."