चार बोटं फिरलेली पेटी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेतल्या काकू, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आपले काका, आणि चहा कधी येतोय म्हणून दाराकडे पाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

काका एकवीस वर्षं आपल्या वेधशाळेच्या गच्चीवर जाऊन, आकाशावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याचा काचेचा घुमट रोज सकाळी मऊ फडक्याने पुसताहेत. घरचा आरसा मात्र त्यांनी एकदाही पुसलेला नाही, अशी काकूंची लेखी नसली तरी तोंडी तक्रार आहे.

पाहुण्यांसाठी सांगतो. आकाशातून एखादा दगड जळत आला, की आमचा कॅमेरा तो टिपतो, आणि दूरच्या गावातला दुसरा कॅमेराही टिपतो. दोन्हीकडून रेषा काढल्या, की तो कुठे पडला याचा अंदाज बांधता येतो. अट एकच, कॅमेऱ्याची पेटी जागची हलता कामा नये. म्हणून काकांनी कट्ट्यावर पेटीभोवती रंगाची रेघ मारली आहे. तिथे कुणी नुसतं टेकलं, तरी काकांचा पारा चढतो.

गेल्या हिवाळ्यात ऐन संध्याकाळी केवढा तरी मोठा अग्निगोल दिसला. काका नेमके लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर! आम्ही गणित मांडलं आणि सहा दिवस काट्याकुट्यांतून हिंडलो. सापडलं काय? एक गंजलेलं कुलूप, आणि एक शेळी. ती आमच्या गणितवाल्या बाईंच्या मागोमाग थेट कार्यालयापर्यंत आली.

सातव्या दिवशी काका कामावर आले, फडकं घेऊन वर गेले आणि तसेच खाली आले. म्हणाले, "साहेब, पेटी चार बोटं फिरलीय."

गणित पुन्हा मांडलं. आमचा दगड भलत्याच गावी, एका कोंबड्यावाल्या मावशींकडे निघाला. खुराड्याच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेला! "वरून पडला, माझा पत्रा फोडला. आता काम तरी करू दे मेल्याला," मावशी म्हणाल्या. काकांनी आधी पत्रा बदलून दिला, मग दगड मागितला.

सहा दिवस वाया गेले म्हटल्यावर चौकशी आलीच. काकांनी लिहून दिलं, 'रजेवर जाण्याच्या घाईत पुसताना पेटी माझ्या हातून फिरली.' एकवीस वर्षांच्या सेवापुस्तकात पहिलाच शेरा पडला: निष्काळजीपणा.

आता मला सांगा, हा माणूस घाईत पुसेल? पटतं तुम्हाला?

काका, खुणा करू नका. आज मी थांबणार नाही.

काका रजेवर गेले, त्याच दुपारी वर्तमानपत्राचे छायाचित्रकार आले होते. पेटीवरची आपल्या विभागाची पाटी किंचित भिंतीकडे वळलेली होती. फोटोत ती पूर्ण दिसावी म्हणून मी पेटी जराशी फिरवली. फोटो छान आला. मी चहाला गेलो आणि विसरलो.

काकांनी तो फोटो माझ्या खुर्चीमागे टांगलेला पाहिला, आणि त्यांना सगळं कळलं. असं का लिहून दिलंत, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "साहेब, तुमची खुर्ची नवी आहे. माझी सुटायलाच आलीय." मी तेव्हाच तो कागद फाडायला हवा होता. मी त्यांना चहा पाजला. आजही मला त्याची लाज वाटते.

अध्यक्ष महोदय, तो फोटो मी भिंतीवरून काढून आणलाय. पाटी स्वच्छ वाचता येते, आणि पेटीवरचा हात माझा आहे. मागे अर्ज चिकटवलाय. तो शेरा काकांच्या पुस्तकातून काढावा आणि माझ्या पुस्तकात लिहावा.

आपण सर्व आलात, शेवटच्या रांगेतल्या मावशी तर कोंबड्या शेजाऱ्यांवर सोपवून आल्या, सगळ्यांचे आभार. भाषण संपवताना, काही चुकलं असेल तर क्षमा असावी, असं म्हणायची पद्धत आहे. मी 'असेल तर' म्हणणार नाही.

चुकलं. काका, मला क्षमा करा.