पायाने लिहिलेलं नाव

आमच्या बाबांचा स्वभाव तसा हट्टी. पक्षाघातानंतर चालताना त्यांचं उजवं पाऊल घासायचं. फिजिओथेरपीवाली म्हणाली, "काका, पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं लिहा. घोट्यात ताकद येईल."

बाबा निवृत्त मास्तर. "जन्मभर पोरांका सांगलंय, अक्षराक पाय लावू नको. आता मीच पायान लिवू? सरस्वती आसा ती!"

चार दिवस त्यांनी पाऊल हलवलं नाही. पाचव्या दिवशी बघतो तर अंगठा हवेत भराभर फिरतोय.

"काय लिवतास?"

"वामनाचां नाव."

वामनकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांनी हद्दीचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आमच्या बाजूला सरकवला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"आणि सरस्वती?"

"वामनाच्या नावात खंयची सरस्वती!"

दोन महिन्यांत पाऊल नीट उचलायला लागलं. एके सकाळी बाबा काठी घेऊन निघाले, ते थेट वामनकाकांच्या घरापुढच्या खळ्यात. आता भांडण होणार म्हणून मी मागोमाग धावलो.

बाबांनी वामनकाकांच्या खांद्याला हात लावला आणि तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला.

"दोन म्हयने रोज तुका पाय लावलंय. नमस्कार करूक इलंय."

वामनकाकांना काहीच कळेना. ते खुर्ची आणायला वळले, तर बाबा म्हणाले, "बसूचंय नाय. गडग्याचां वेगळां आसा."