आपल्याच टोपलीत

मंडळी, बसा. पुढे सरकून बसा! मागे खांबाला टेकलेत त्यांनी तर आधी पुढे या — तिथे झोप फार छान लागते, हे मला ठाऊक आहे! हां... आता एक प्रश्न टाकतो. उत्तराची घाई करू नका.

माणसाला जास्त जड काय जातं — "मी पापी" म्हणणं, की "मी येडा" म्हणणं?

हसलात! पण बघा हं. देवापुढे उभं राहिलं की आपण काय म्हणतो? देवा, मी पापी, मी अपराधी, पदरात घे! किती सहज येतं तोंडातून! दोन्ही गालांवर हलकेच मारूनही घेतो. पण त्याच माणसाला गाडीत बायकोनं विचारावं, "अहो, मघाशी फाट्यावर डावीकडे वळायचं होतं ना?" — संपलं! "मला माहीत आहे. मी मुद्दाम इकडून आणलीय. इकडचा रस्ता चांगला आहे!" आणि पुढच्या वळणावर गाडी चिखलात! चाक फिरतंय, चिखल उडतोय, पण "मला कळलं नाही" हे चार शब्द — अरे तीनच की हो! — ते काही सुटत नाहीत तोंडातून.

का? पाप कबूल केलं की लोक म्हणतात, किती मोठ्या मनाचा! येडेपणा कबूल केला की लोक हसतात. आणि हसू कुणाला हवंय? म्हणून आजचं आख्यान पुराणातलं नाही. आजचं आख्यान जयसिंगपूरच्या प्रज्वल मगदूमचं! बंडोपंत, वाजवा एक थाप!

कोण हा प्रज्वल? पिठाची गिरणी चालवणाऱ्या अण्णा मगदुमांचा मुलगा. उंची म्हणाल तर — आपल्या या देवळाच्या दारातून वाकून येईल, आणि आत आल्यावरही घंटा वाजवायला हात वर करायची गरज नाही! लहानपणी आई म्हणायची, "ह्याची विजार शिवून आणीपर्यंत आखूड होतीया!" असा मुलगा कुठे जाणार? बास्केटबॉलच्या मैदानावर गेला.

आता आजीबाई विचारतील, हे बास्केटबॉल म्हणजे काय? सोपं आहे. मैदानाच्या दोन टोकांना उंचावर दोन टोपल्या. एक आपण राखायची, एक त्यांनी. आपण त्यांच्या टोपलीत चेंडू टाकायचा. आणि मध्यंतर झालं की बाजू बदलायच्या — जी टोपली आधी त्यांची, ती नंतर आपली! हे नीट ध्यानात ठेवा. सगळी गोम इथेच आहे.

प्रज्वलचं काम काय? कुणीतरी चेंडू टाकायचा, तो कडीवर आपटून बाहेर यायचा, आणि या गड्यानं उडी मारून तो हवेतच धरायचा, खाली यायचं, पुन्हा उडायचं — आणि आत! शाळेच्या मैदानावर बिरनाळे सरांनी त्याच्याकडून हे इतकं करून घेतलं की डोक्याला कळायच्या आधी हाताला कळायचं. धर, उतर, उड, टाक! धर, उतर, उड, टाक! बघा, बंडोपंतांच्या बोटांनीसुद्धा धरला ठेका!

असं खेळत खेळत पोरगं भारताच्या संघात गेलं. स्पर्धा आपल्या शेजारच्या देशांची, पुरुषांची. मैदान काठमांडूचं, पशुपतिनाथाच्या गावातलं! जिंकणाऱ्याला चषक, आणि पुढे साऱ्या आशियाच्या मोठ्या स्पर्धेत जागा. अंतिम सामना कुणाशी? श्रीलंकेशी!

आलं का लगेच शेपूट डोळ्यांपुढे? अहो, ते रामायण वेगळं! ही पोरं गुणाची. सामन्याआधी आपल्या पोरांना मिठ्या मारत होती.

माझा मुक्काम त्या दिवशी मगदुमांकडेच होता. कीर्तन रात्री, सामना दुपारी. गिरणी बंद ठेवली होती, टीव्ही बाहेर ओट्यावर मांडलेला, सगळी गल्ली जमलेली. प्रज्वलची आई टीव्हीसमोर बसली नाही. ती दाराआड उभी राहून फक्त आवाज ऐकत होती. म्हणाली, "तुम्ही बघा. मी टाळ्यांवरनं वळखतीया."

पहिल्या अर्ध्यात प्रज्वल खेळला. छान खेळला! मध्यंतरानंतर त्याला बाकावर बसवलं. बसला बिचारा, गुडघे कानापर्यंत. सामना असा काही रंगला म्हणता! त्यांनी टाकली की आपण टाकायची, आपण टाकली की त्यांनी. शेवटी शेवटी आपण एका गुणानं पुढे. फक्त एका! घड्याळात उरलेले सेकंद लहान मूलसुद्धा बोटांवर मोजेल इतके. आणि आपला एक उंच गडी नेमका तेव्हाच नियमात बसेनात इतके धक्के मारून बाहेर गेला. बाकावरून कोण उठला? प्रज्वल!

अंग थंड पडलेलं. कानात हजारो लोकांचा गोंगाट. लंकेच्या गड्यानं चेंडू टाकला... कडीवर आपटला... बाहेर आला! आपण वाचलो! ओट्यावर आम्ही सगळे उभे! आणि वर कोण उडाला? आपला प्रज्वल! हवेतच धरला चेंडू. अहाहा! आता नुसता छातीशी कवटाळून उभा राहिला असता, तरी चषक आपला!

पण मंडळी... धर झालं. उतर झालं. दोन्ही बाजूंनी लंकेचे दोन गडी हात पसरून अंगावर आले. आणि हाताची सवय काय म्हणते? उड! टाक!

उडाला. टाकला. सुरेख गेला आत! आपल्याच टोपलीत!

गिरणीच्या ओट्यावर अण्णा मगदूम टाळ्या वाजवायला लागले हो! "टाकला! माझ्या प्रज्यानं टाकला!" शेजारचा कुंभोजकर त्यांचा हात धरून हळूच म्हणतोय, "अण्णा, थांबा... थांबा की वं." दाराआडून आई विचारतीय, "मग टाळ्या एकट्याच्याच का वाजाय लागल्यात?"



कळलं ना काय झालं? पहिल्या अर्ध्यात प्रज्वल खेळला तेव्हा त्याच टोपलीत टाकायचं होतं. बाजू बदलल्या. तो बाकावर बसला. उठला तो जुन्याच बाजूच्या हिशेबानं! अहो, आपलं नाही का होत? घराचं दार बदललं तरी पाय जुन्या पायरीवर पडतोच.

आता खरं आख्यान पुढे आहे. या खेळात एक नियम आहे. गडी चुकून आपल्या टोपलीत चेंडू टाकेल, तर दोन गुण समोरच्यांना. पण मुद्दाम टाकेल, तर तो नियमभंग — गुण कुणालाच नाहीत, फक्त चेंडू समोरच्यांना द्यायचा. म्हणजे बघा! चुकून टाकला असेल तर लंका एका गुणानं पुढे. मुद्दाम टाकला असेल तर आपण अजून पुढेच! चषक लोंबकळतोय तो या एका शब्दावर. मुद्दाम, की चुकून?

आपले मॅनेजर भटनागरसाहेब धावतच पंचांकडे. चतुर माणूस, नियम तोंडपाठ! म्हणाले, "मुद्दाम टाकलाय त्यानं! दोघांच्या कचाट्यात सापडला, चेंडू हिसकावला जाणार हे दिसलं, म्हणून खेळ थांबावा यासाठी टाकला. त्याला नियम माहीत आहे!" किती शोभतंय बघा! पटतंय की नाही? मी पंच असतो तर मलाही पटलं असतं. त्या माणसाला वाईट म्हणू नका हं. वर्षानुवर्षं संघ घेऊन हिंडत होता, चषक हाताशी आला होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

पंच भूतानचे होते. नाव काय त्यांचं? कर्मा! हसू नका, मी पदरचं घातलेलं नाही, तिकडे असतं असं नाव. कर्मासाहेब दोन क्षण थांबले. खरं तर खेळाडूला विचारायचं काही बंधन नव्हतं. त्यांना वाटेल तो निकाल द्यायचा. पण त्यांना शंका आली, आणि त्यांनी प्रज्वलला बोटानं बोलावलं.

जाता जाता भटनागरसाहेब त्याच्या कानाशी लागले, "बोल दे, जानबूझकर डाला. बस इतना ही!"

मंडळी, आता त्याच्या जागी उभं राहा. राहिलात? समोर दोन वाटा. एका वाटेनं गेलं की चषक! आणि नुसता चषक नाही — "काय डोकं त्या पोराचं! एवढ्या गडबडीत नियम आठवला!" पेपरात फोटो, गावात मिरवणूक, अण्णांच्या टाळ्या खऱ्या! दुसऱ्या वाटेनं गेलं की पराभव, आणि साऱ्या देशाला हसायला एक माणूस. खोटं बोलून तो हुशार ठरणार होता. खरं बोलून येडा!

चोरी लपवायची असती तर मनानं टोचलं तरी असतं. इथे लपवायचा होता फक्त मूर्खपणा. कोण नाही लपवत? तुम्ही? हे पहिल्या रांगेतले? बोला की!

टीव्हीवर त्याचा चेहरा दिसत होता. ओठ हलले, आवाज आला नाही. नंतर मला त्यानं स्वतः सांगितलं, "बुवा, 'मुद्दाम' हा शब्द जिभेवर आला होता. बाहेर काढला की झालं. पण मी आमच्या कॅप्टनकडे बघितलं. गुरप्रीतभाई माझ्याकडे अशा कौतुकानं बघत होता, की ह्यानं खरंच डोकं चालवलं! त्याला खरं वाटलं होतं, बुवा. तेच मला सोसेना. जे कौतुक माझं नाही, ते अंगावर घालून ह्या माणसाच्या शेजारी कसा बसू?"

वा रे पठ्ठ्या! वा! चषकापुढे जो वाकला नाही, तो आपल्याच माणसाच्या खोट्या कौतुकानं वाकला!

कर्मासाहेबांनी विचारलं, मुद्दाम की चुकून?

आणि तो साडेसहा फुटांचा गडी सगळ्या जगासमोर म्हणाला, "चुकून, सर. मला वाटलं ती त्यांची टोपली."

दोन गुण लंकेला. आपण एकानं मागे.

"मग बुवा, पुढे काय झालं? उरलेल्या सेकंदांत त्यानंच टाकून जिंकवलं ना?" दिसतंय मला तुमच्या तोंडावर! हात जोडून बसलात, की आता देव धावणार! ऐका. गुरप्रीतनं शेवटचा चेंडू लांबून फेकला. कडीवर नाचला, नाचला... आणि बाहेर पडला. हरलो! चषक लंकेला गेला.

हिरमुसलात? का? खरं बोलला म्हणून देवानं चषक द्यायलाच हवा होता? अरे, मग ते सत्य कसलं, तो तर व्यापार झाला! हे घे खरं, आण चषक! असलं खरं दुकानदारसुद्धा बोलेल. प्रज्वलला माहीत होतं की हरणार, आणि तरी बोलला. म्हणून तर मी त्याचं आख्यान लावलंय, जिंकणाऱ्याचं नाही!

बसमध्ये कुणी त्याच्याशी बोललं नाही. भटनागरसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. गुरप्रीत मात्र शेजारी येऊन बसला. त्याची तर ती शेवटचीच स्पर्धा होती हो! राग असणारच. म्हणाला, "गधा है तू." प्रज्वल म्हणाला, "हां भाई." आणि मग दोघंही हसले, रडत रडत हसले.

गावात आल्यावर? अहो, गाव कुणाला सोडतंय का! चहाच्या टपरीवर पोरं विचारायची, "मगदूम, कप ह्या बाजूला ठेवू का त्या?" प्रज्वल म्हणायचा, "माझ्या हाताशी ठेव, न्हाईतर तुझ्याच तोंडात ओतीन!" एकदा हसले, दोनदा हसले, तिसऱ्यांदा हसायला काही उरेना. जो स्वतःच हसतो त्याला हसून हसून किती हसणार?

अण्णांना मात्र लागलं होतं. एका संध्याकाळी गिरणी बंद करता करता म्हणाले, "प्रज्या, एक शबूद तर बोलायचा हुता. काय गेलं असतं तुझं?"

पोरगा म्हणाला, "अण्णा, मग जन्मभर हुशारीचं सोंग घेऊन फिरायला लागलं असतं. रोज कुणीतरी विचारणार, कसं सुचलं रं तुला? आणि रोज मी नवं खोटं बोलणार. आता झोप तर लागतीया."

 पिठानं भरलेल्या हातांनी अण्णांनी टाळ्या वाजवल्या. मी समोर बसलो होतो, मंडळी. सगळं पीठ उडालं हवेत. ह्या वेळी टाळ्या एकट्याच्याच होत्या, आणि बरोबर ठिकाणी होत्या!

आता तुमच्याकडे वळू? वळतोच. सगळे खाली बघायला लागले!

आपण रोज आपल्याच टोपलीत टाकतो की हो! घरच्यांना हरवतो आणि वाटतं, जिंकलो! बाजू कधीच्या बदललेल्या असतात — पोरं मोठी झालेली, भाऊ म्हातारे झालेले — आपण जुन्याच बाजूच्या हिशेबानं चेंडू फेकतोय. एक शब्द लागला म्हणून भावाशी अबोला. सुनेला टोचून बोललो, नंतर कळलं आपलंच चुकलं, पण म्हणायचं काय? "मी मुद्दामच बोललो! तिला कळायला हवं!" मुद्दाम! केवढा लाडका शब्द! मूर्ख ठरण्यापेक्षा आपण दुष्ट ठरायला तयार असतो! घर मोडलं तरी चालेल, हसं नको!

देवाकडे "मी पापी" म्हणून आलात, फार चांगलं केलंत. पण देवाला तुमचं सगळं आधीच माहीत आहे, त्याला सांगून नवीन काय सांगितलंत? ज्याला माहीत नाही त्याला सांगा! तो इथे गाभाऱ्यात नाही. तो तुमच्या घरात आहे, शेजारच्या घरात आहे, आणि वर्षानुवर्षं समजून बसलाय की तुम्ही ते मुद्दाम केलंत.

पेटी थांबवा जरा... बापूसाहेब? उठलात? आरती व्हायचीय अजून. प्रसाद आहे, शिरा आहे आज! कुठे निघालात?

काय म्हणालात? मोठ्यानं बोला, मागे ऐकू येत नाही.

थोरल्या भावाकडे?

वाट द्या, मंडळी! पाय आवरा, वाट द्या त्यांना! नाही बापूसाहेब, आरतीला थांबू नका. आरती आम्ही करतो. तुम्ही जा! बंडोपंत, वाजवा — त्यांचा पाय दाराबाहेर पडेपर्यंत थांबू नका! बोला मंडळी, विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!