भिवाईच्या खिंडीतला धक्का

ऐका. जाळात एक ओंडका टाका आणि तोंडं बंद ठेवा. ए बाळ्या, तो मोबाईल खिशात घाल, नाहीतर त्या ओंडक्याबरोबर जाईल. भिवाईच्या खिंडीचं विचारत होतास ना? मग गप ऐक.

माझा दाजी, ज्ञानू, थोरल्या बहिणीचा नवरा. सरनोबत सरकारांकडं ड्रायव्हर होता. सरकारांची ती लाल गाडी, विलायती. दोनच माणसं बसणार, वर टप नाही, नाक हे एवढं लांब. पळायला नुसती हरणी. थोरल्या सरकारांनी आणलेली, ते गेल्यावर धाकट्यांकडं आली. वर्षभर ताडपत्रीखाली झोपायची आणि एकदा कोल्हापूरला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला जायची. तिला पुसायला दोन गडी! गडी आजारी पडला तर त्याला कोण पुसतं? जाऊ दे.

त्या साली बॅटरी मेली. पार मेली. किल्ली फिरवली तर साधं खुट्ट नाही. आणि तसली बॅटरी तालुक्यात मिळत नाही. धाकटे सरकार म्हणाले, "ज्ञानू, धक्का मारून चालू कर आणि रात्रीच ने. सकाळी उद्घाटनाला गाडी उभी पाहिजे."

"सरकार, वाटंत बंद पडली तर?"

"पाडायचीच नाही. आणि काहीही झालं तरी गाडी सोडून हलायचं नाही. तिला काही झालं तर परत इथं तोंड दाखवू नकोस."

दाजीचं घर सरकारांच्या जागेत. तोंड दाखवायचं नाही म्हणजे बायकापोरं रस्त्यावर. कळलं?

गड्यांनी धक्का मारला. दाजीनं दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. गाडी गुरगुरली. निघाला.

आता भिवाईचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. खिंडीत देवीसमोर गाडी थांबवायची, खाली उतरायचं, पायताण काढून हात जोडायचे. एसटीवाले पण चुकवत नाहीत. दाजी शहाणा असता तर पुढं उतारावर थांबला असता, गाडी आपोआप घरंगळली असती. पण नाही! रिवाज म्हणजे रिवाज. थांबला बरोबर देवीपुढं, सपाटीवर. इंजिन चालू ठेवून उतरला. डोळे मिटले न मिटले तोच, फुस्स! इंजिन गेलं. दिवे गेले. वर चांदण्यांचा मिणमिणता उजेड, तेवढाच.

खांदा लावून ढकलतोय. गाडी हलतीय, पण जोर पुरत नाही. तेवढ्यात मागून आवाज.

"धक्का देऊ काय?"

मागं एक माणूस. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. दाजी म्हणाला, "देवासारखा आलास बाबा!" टुणकन आत बसला. मागून असा रेटा आला की गाडी दोन ढांगांत चालू. थांबायचं कसं? थांबला तर पुन्हा बंद पडेल. "उपकार झाले!" म्हणून ओरडला आणि सुटला.

पुढच्या वळणाला, फुस्स!

आणि मागून तोच आवाज. "आणि देऊ?"

अरे, गाडी पुढं पळाली, हा मागं राहिला. मग हा आला कुठनं? धाप नाही, घाम नाही. दाजीनं विचारलं, "पाव्हणं, गाव कुठलं?"

"सरकारांचाच माणूस की मी. थोरले सरकार हायत न्हवं आत?"

"ते जाऊन लय वर्सं झाली."

"असं कसं? म्होरल्या वळणाला थांबतो म्हणाले हुते."

दाजीला कळलं कोण ते. सटवाप्पा! थोरल्या सरकारांचा गडी. अशाच रात्री, याच खिंडीत, हीच गाडी ढकलत होता. गाडी चालू झाली, हा तोल जाऊन दरीत गेला. सरकारांनी किंकाळी ऐकली. थांबले? नाही. थांबले असते तर इंजिन बंद पडलं असतं! लोक म्हणतात सटवाप्पा मेला. मी म्हणतो मारला.

दाजीनं ब्रेक दाबला. गाडी सरकायला लागली. हँडब्रेक ओढला. तरी सरकतीय! इंजिन बंद, बॅटरी मेलेली, आणि दिवे लागले. भक्क! हॉर्न आपोआप बोंबलायला लागला. दिव्यांच्या उजेडात रस्ता नाही, नुसती दरी. आरशात बघितलं. मागं फक्त दोन पंजे. मागच्या पत्र्यावर, एका मनगटात चांदीचं कडं. बाकी माणूस नाही.

"या खेपेला हात सोडत न्हाई, सरकार."

"आरं, मी सरकार न्हाई! मी ज्ञानू! तुझ्यासारखाच चाकर!"

"सीट तीच हाय की."

गाडी सोडायची नाही, असं सांगितलेलं. दाजीनं स्टिअरिंग घट्ट धरलेलं. घर डोळ्यांपुढं, बायको डोळ्यांपुढं. पुढचं चाक कडेवरनं उतरलं आणि हात आपोआप सुटले. उडी टाकली! करवंदीच्या जाळीत अडकला, मांडीचं हाड मोडलं. गाडी गेली खाली. हॉर्न वाजतच गेला.

सकाळी सरकार आले. दरीत वाकून बघितलं आणि ढसाढसा रडले. दाजी तिथंच पडलेला, कण्हत. त्याला म्हणाले, "तुला गाडी सोडू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

क्रेन आणली. दोर सोडून माणसं खाली उतरली. गाडीखाली हाडं सापडली. जुनी. त्यांनी खालून ओरडून विचारलं, काय करू? सरकार म्हणाले, "जनावराची असतील. आधी गाडी घ्या."

जनावराच्या मनगटात चांदीचं कडं असतं का रे?

गाडी वर आली. आज दुरुस्त होऊन उभी आहे, नव्या बॅटरीसकट. दाजी घर सोडून इथं आमच्याकडं आला, लंगडत. तुम्ही त्याला बघितलंय. आणि सटवाप्पा अजून खालीच आहे, माती नाही की अग्नी नाही.

म्हणून सांगतो, खालच्या रस्त्यानं लांब पडलं तरी तिकडनंच या. अंधारात त्या खिंडीत पाय टाकायचा नाही. सटवाप्पाला आत बसलेला माणूस दिसत नाही, नुसती गाडी दिसते. सरकारांनाही तेवढीच दिसली. उठा आता, जाळावर पाणी टाका.