बाटलीला कान

"तेवीस नंबर आत या."
"पंखा कमी करा हो."
"बर्फ वितळतोय, मामा."

नाकाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मामा-भाची बसले होते. मामा बिअरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, भाची प्रयोगशाळेत बिअर आंबवणाऱ्या यीस्टच्या नव्या जाती काढणारी. तिच्या मांडीवरच्या डब्यात बर्फात दोन बाटल्या होत्या.

"उद्या यातलं एकच यीस्ट ठेवायचंय. तुझ्या कारखान्यातल्या जुन्यासारखं कुठलं, ते सांग."
"वास येत असता तर इथे कशाला बसलो असतो?"
"तुझ्याशिवाय विचारू कुणाला?"
"जुन्याचीच पिल्लं काढायची होती की."
"जुनं कुठे उरलंय? आणि ते संकरित, खेचरासारखं. त्याला पिल्लं होत नाहीत. म्हणून तसल्याच आईबापांची नव्याने लग्नं लावली. चारशे."
"चारशे? आणि मामाला एकाही लग्नाचं आमंत्रण नाही."
"दोनच संसार टिकले. बाकीचे थंडीत झोपून गेले."
"आमचं नाही झोपायचं. बर्फासारख्या गार टाकीत बुडबुडत हळूहळू बोलत राहायचं. रोज सकाळी टाकीला कान लावायचो, मगच चहा."
"मग आता लाव."
"इथे? लोक हसतील."
"हसू देत."
"आण. ही नाही. ही फार घाईत आहे."
"आणि ही?"

"चोवीस नंबर."
"मामा, आपला नंबर."
"पंचवीसला पाठव आधी. अजून बोलतंय."

कारखाना बंद झाला त्या दिवशी जुनं यीस्ट गटारात सोडणारा नळ आपणच उघडला, असं मामा दवाखान्याचा जिना चढतानाच मला म्हणाले होते.